रेव्हरंड ना. वा. टिळक : जाब विचारणाऱ्या मैत्रीचा शोध

१. प्रास्ताविक

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नोंद प्रायः दोन नात्यांनी होते. फुलामुलांचे कवी हे त्यांचे एक नाते, आणि अभंगाच्या परंपरागत साच्यातून ख्रिस्तभक्ती व्यक्त करणारे भक्तकवी हे दुसरे. त्यांच्या चरित्राचा विचार करताना धर्मांतराच्या घटनेला केंद्रस्थान मिळते, आणि त्या घटनेच्या आधीचे व नंतरचे आयुष्य तिच्या प्रकाशात वाचले जाते. ही पद्धती सर्वस्वी अयोग्य नव्हे. परंतु तिच्यामुळे टिळकांच्या जीवनातील एक सातत्य दृष्टीआड होते. हे सातत्य मैत्रीच्या शोधाचे आहे.

धर्मजीवनात मित्र कोणाला म्हणावे, हा प्रश्न टिळकांच्या आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. केवळ समान श्रद्धेचा माणूस म्हणजे मित्र, असे त्यांनी मानले नाही. ज्याच्या सहवासात भक्ती वाढते आणि ज्याला आपल्या वर्तनाचा जाब विचारण्याचा अधिकार आपण मनापासून दिलेला असतो, तो मित्र, अशी त्यांची धारणा त्यांच्या वर्तनावरून आणि लेखनावरून उलगडत जाते. या धारणेला दोन परंपरांचा आधार होता. नवविधा भक्तीत सख्य ही आठवी भक्ती असून ती दास्याच्या पुढची आणि आत्मनिवेदनाच्या अलीकडची पायरी आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी सख्यभक्तीचे विवरण करताना, देवाशी मैत्री जोडायची तर त्याच्या आवडीनुसार आपले वागणे घडवावे लागते आणि त्यासाठी स्वतःच्या सुखावर पाणी सोडावे लागते, असे प्रतिपादिले आहे. दुसरीकडे योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्त आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. दास्याकडून सख्याकडे जाणारी वाट दोन्ही परंपरांत आहे. टिळकांनी ती देव आणि भक्त यांच्यापुरती न ठेवता माणसामाणसांतील नात्यांत उतरवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे यश आणि मर्यादा त्यांच्या चरित्रातूनच पाहावयास हव्यात.

२. जडणघडण : आश्रयदाते आणि सोबती

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. वडील वामनराव तापट स्वभावाचे होते. आईच्या अकाली मृत्यूने घराचा ओलावा संपला आणि नारायण बालवयातच घराबाहेर पडला. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांना संस्कृत विद्येचा आणि काव्यशास्त्राचा लाभ झाला. इंग्रजी शिक्षण थोडके आणि तुटक झाले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी. १८६८ साली जन्मलेली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना विवाहित होऊन टिळकांच्या घरी आली आणि लक्ष्मीबाई झाली.

विवाहानंतरची दहा-बारा वर्षे भटकंतीची होती. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील नोकर अशी अनेक कामे टिळकांनी केली आणि सोडली. कोणत्याही गावी ते फार काळ स्थिरावले नाहीत. पुढे नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम मिळाले. तेथे ऋषी या नियतकालिकाशीही त्यांचा संबंध आला. वक्ते, शीघ्रकवी आणि पंडित म्हणून त्यांचे नाव होऊ लागले.

या काळातील टिळकांच्या भोवती माणसांची उणीव नव्हती. गुरू होते, आश्रयदाते होते, त्यांच्या वक्तृत्वावर आणि काव्यावर लुब्ध झालेले श्रोते होते. तरीही त्यांचे मन अस्वस्थ होते. मूर्तिपूजा, जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले होते. देशाच्या उन्नतीसाठी एखादा नवाच धर्म स्थापन करावा, असाही विचार त्यांनी केला होता. हे प्रश्न ज्याच्यापुढे निःसंकोच मांडावेत आणि ज्याच्याकडून उलट प्रश्न ऐकून घ्यावेत, असे कोणी त्यांना या वर्तुळात भेटले नाही. आश्रयदाता गुणांचे चीज करतो, श्रोता दाद देतो. परंतु माणसाच्या अंतःकरणाची झाडाझडती या दोहोंचेही काम नव्हे. या पार्श्वभूमीवर पुढच्या घटनेचे महत्त्व समजते.

३. आगगाडीतील भेट आणि पत्रव्यवहार

१८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड अशी त्याची ओळख सांगितली जाते. राज्यकर्त्यांच्या वर्णाच्या माणसाकडून त्या काळी अपेक्षित असलेला उर्मटपणा त्याच्या ठिकाणी नव्हता. त्याने टिळकांना जागा दिली, संस्कृत काव्यापासून धर्मापर्यंत अनेक विषयांवर बरोबरीच्या नात्याने चर्चा केली आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. मात्र पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि ते त्यांनी पाळले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर हे पुस्तक त्यांना सोडवेना.

या घटनेचे वर्णन पुष्कळदा चमत्काराच्या अंगाने केले जाते. तिच्यातील मानवी व्यवहार तितकाच लक्षणीय आहे. त्या प्रवाशाने टिळकांना काही दिले आणि काही मागितले. त्याने मागितले ते वाचनाचे वचन. एक अनोळखी माणूस एका क्षणापुरता का होईना, टिळकांना जबाबदार धरून गेला, आणि वचनाच्या त्या सूक्ष्म धाग्याने पुढील दोन वर्षे बांधली गेली. आश्रयदात्यांच्या सहवासात जे वर्षानुवर्षे घडले नव्हते, ते एका प्रवासात घडले.

राजनांदगाव संस्थानात टिळकांना काम मिळाले. तेथून त्यांनी ख्रिस्ती धर्माविषयीच्या आपल्या शंका पत्राद्वारे मांडण्यास आरंभ केला. या शोधात त्यांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनचे मुंबईतील डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी आला. अ‍ॅबट हे पुढे महिपती, एकनाथ, तुकाराम आदी संतांच्या चरित्रांचे आणि रचनांचे इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्धीस आले. मराठी संतवाङ्मयाविषयी आस्था बाळगणारा हा मिशनरी टिळकांच्या वाट्याला आला, हा योगायोग फलदायी ठरला. तुकारामादी संतांचा वारसा टाकून द्यावा लागेल, असा आग्रह टिळकांना या मैत्रीत सोसावा लागला नाही. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची पुढील काळातील भूमिका अशा वातावरणातच वाढू शकली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

४. एकाकीपणाची वर्षे

बाप्तिस्म्याबरोबर टिळकांची पूर्वीची माणसे तुटली. जातीने बहिष्कार घातला. सर्वांत मोठा घाव लक्ष्मीबाईंचा आणि लहानग्या दत्तूचा वियोग हा होता. पतीच्या निर्णयाची बातमी लक्ष्मीबाईंवर आघातासारखी कोसळली. माहेरच्या माणसांनी, विशेषतः थोरल्या बहिणीच्या कुटुंबाने, त्यांना आधार दिला. पुढील चार-पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली.

टिळक या काळात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे होते. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखालील धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत टिळक शिकवू लागले. मुंबईत जन्मलेले ह्यूम हे भारतीय धर्मविचाराकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या मिशनऱ्यांपैकी होते. टिळकांच्या स्वतंत्र वृत्तीला त्यांनी वाव दिला. नव्या मंडळीत टिळकांना सहकारी मिळाले, विद्यार्थी मिळाले, उपासनेतील सोबत मिळाली.

तरी एक पेच होता. ज्या मिशनऱ्यांशी मैत्री जडली, तेच वेतन देणारेही होते. मिशनमध्ये काम करणारा हिंदी ख्रिस्ती मनुष्य आणि परदेशी मिशनरी यांच्यात प्रार्थनेच्या वेळी बंधुत्व आणि कचेरीत मालक-नोकराचे नाते, असा दुहेरी व्यवहार होता. जो पगार देतो, त्याला जाब विचारणे अवघड. आणि जो पगार घेतो, त्याच्या कबुलीत मोकळेपणा किती आणि धाक किती, हे ठरवणेही अवघड. टिळकांनी हा पेच लवकर ओळखला. मिशनऱ्यांनी मायबापाची भूमिका सोडून बंधूची भूमिका घ्यावी, ही मागणी त्यांच्या गद्यातून आणि काव्यातून स्पष्ट शब्दांत आली. तिच्यामागे स्वदेशाभिमान होताच. परंतु त्याबरोबर एक आध्यात्मिक गरजही होती. मायबापाच्या छायेत मनुष्य सुरक्षित राहतो, पण प्रौढ होत नाही. प्रौढ होण्यासाठी बरोबरीचा सोबती लागतो.

मिशनऱ्यांवरील अशी टीका मिशनच्याच आश्रयाखालील ज्ञानोदय या पत्रात टिळक करू शकले, हेही नोंदवले पाहिजे. १८४२ साली सुरू झालेल्या या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आले. ह्यूम, अ‍ॅबट आदींशी त्यांचे मतभेद झाले तरी मैत्री तुटली नाही. मतभेदाने न तुटणारी मैत्री ही टिळकांच्या कसोटीस उतरणारी मैत्री होती.

५. लक्ष्मीबाई : सहचरी आणि साक्षी

वियोगाच्या वर्षांत टिळकांनी पत्नीशी असलेला धागा पत्रांतून आणि कवितांतून जपला. अखेर लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे आल्या. तथापि एकत्र येणे म्हणजे एकमत होणे नव्हे. त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. स्वयंपाकपाणी वेगळे होते. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद हा ईश्वराने घडवलेला नसून मनुष्यांनी घडवलेला आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने काढला. एकदा तो काढल्यावर त्यांनी तो आचरणात आणण्यास विलंब लावला नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळाच्या त्या वर्षांत निराधार मुलांना या घराने आसरा दिला. ज्या हातांनी पूर्वी विटाळ पाळला होता, त्याच हातांनी त्या मुलांचे संगोपन केले.

टिळकांच्या बाबतीत मैत्रीचा अर्थ पूर्णत्वाने कोठे प्रकट झाला असेल, तर तो या नात्यात. टिळक विलक्षण उदार होते आणि तितकेच अव्यवहारी. घरखर्चाचा पैसा दुसऱ्याच्या गरजेवर किंवा भलत्याच वस्तूवर खर्च करून ते निश्चिंतपणे घरी येत. त्यांचा राग भडकणारा होता. राग ओसरल्यावर होणारा पश्चात्तापही तितकाच उत्कट होता. अशा मनुष्याला भक्तांची किंवा चाहत्यांची वाण पडत नाही. त्याच्या औदार्याचा हिशेब विचारणारे माणूस मात्र क्वचित मिळते. लक्ष्मीबाईंनी ते काम केले. परोपकाराच्या भरात घरच्या माणसांचा विसर पडतो, तेव्हा त्यांनी तो दाखवून दिला. पतीच्या रागाला भ्यायच्या वयात त्या भ्याल्या. पुढे त्यांनी विनोदाने, क्वचित हट्टाने आणि प्रसंगी रोखठोक शब्दांनी त्याला लगाम घातला. दुसऱ्या बाजूने टिळकांनीही त्यांना लिहा-वाचायला शिकवले, काव्यरचनेस उत्तेजन दिले, समाजकार्यात पुढे केले. परस्परांना वाढवणे आणि परस्परांना अडवणे या दोन्ही क्रिया या दांपत्यजीवनात एकत्र दिसतात.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या घरांत पतीने पत्नीला घडवल्याची उदाहरणे आढळतात. टिळकांच्या घरात पत्नीनेही पतीला घडवले. या दुसऱ्या प्रक्रियेची साक्ष मराठी वाङ्मयाला लाभली, ती लक्ष्मीबाईंच्याच लेखणीमुळे.

६. वर्तुळाबाहेरचे मित्र

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. अहमदनगर व राहुरी येथील त्यांचे घर हे मंडळीतील माणसांप्रमाणेच मंडळीबाहेरच्या माणसांचेही घर होते. या संदर्भात बालकवींचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. त्यात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बालकवी ही पदवी दिली. पुढे काही काळ ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. टिळकांचे निसर्गप्रेम आणि बालकवींची निसर्गदृष्टी यांचे नाते अभ्यासकांनी चर्चिले आहे. येथे प्रस्तुत आहे ते या सहवासाचे स्वरूप. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यामुळे या जिव्हाळ्यात उणेपणा आला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात बालकवींचे निधन झाले.

परधर्मीय मित्रावर धर्माचे ओझे न लादता त्याच्याशी मनमोकळेपणाने राहणे, हे टिळकांच्या ख्रिस्ती मैत्रीच्या कल्पनेशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. ख्रिस्तभक्तीत वाढ व्हावी म्हणून निवडलेले सोबती वेगळे आणि काव्याच्या प्रेमापोटी जडलेले स्नेही वेगळे, अशी विभागणी त्यांनी केली असती तर ती समजण्याजोगी होती. टिळकांनी ती केली नाही. ज्या माणसाच्या सान्निध्यात आपल्यातील प्रेम वाढते, त्याच्या सान्निध्यात ख्रिस्तही असतो, असा त्यांचा विश्वास दिसतो. या विश्वासातूनच पुढील प्रयोगाचा जन्म झाला.

मिशनच्या वर्तुळातही नव्या पिढीतील काही परदेशी माणसे या काळात टिळकांकडे ओढली गेली. निकोल मॅक्निकोल यांनी त्यांच्या काही पदांचे इंग्रजी अनुवाद केले. इंग्लंडहून आलेले अँग्लिकन पाळक जे. सी. विन्स्लो हे टिळकांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या सहवासात आले. त्यांच्या बाबतीत शिकवणारा परदेशी आणि शिकणारा हिंदी हा परिपाठ उलटा झाला. टिळकांनी ज्या बरोबरीच्या नात्याची मागणी केली होती, ते येथे निदान काही अंशी साकार झाले.

७. देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा संकल्प केला. त्याच वर्षी देवाचा दरबार या नावाच्या बंधुसंघाची कल्पना त्यांनी मांडली, आणि सातारा हे त्यांच्या या नव्या जीवनाचे ठिकाण झाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, त्यांनी एका कुटुंबाप्रमाणे राहावे आणि ख्रिस्ताची ओळख सेवेतून व प्रेमातून करून द्यावी, अशी ही योजना होती. कीर्तन, भजन, अभंग आणि एतद्देशीय वाद्ये ही तिची उपासनेची साधने होती.

धर्मांतरित आणि अधर्मांतरित यांना एका पंक्तीत बसवण्याची ही कल्पना मिशनच्या चौकटीत सहज मावणारी नव्हती, आणि हिंदू समाजालाही ती पूर्णतः रुचण्याजोगी नव्हती. मैत्रीच्या दृष्टीने पाहता तिच्यात दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली, वेतनाचा संबंध संपल्यामुळे मायबाप आणि लेकरू हे नाते निकालात निघाले. परदेशी मित्रांशी आता टिळक निव्वळ मित्र म्हणून बोलू शकत होते. दुसरी, धर्मजीवनातील सोबत ही वैयक्तिक योगायोगावर न सोडता तिला संघाचे रूप देण्याचा हा यत्न होता. आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने जे केले, अ‍ॅबट यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून जे घडले, घरात लक्ष्मीबाईंनी जे केले, ते सर्वांना सर्वांसाठी करता यावे, असा दरबाराचा आशय सांगता येईल. वारकरी परंपरेतील संतांचा मेळा आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे सामायिक जीवन, हे दोन्ही आदर्श त्यात एकत्र आले होते.

तथापि दरबाराची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. हा संघ टिळकांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभा होता. त्यात सामील होणारे बहुधा त्यांच्याकडे गुरू म्हणून पाहत. गुरूच्या ठायी श्रद्धा ठेवता येते; त्याला जाब विचारणे भारतीय मनाला सहज साधत नाही. ज्या बरोबरीच्या नात्यासाठी टिळकांनी मिशनऱ्यांचे मायबापपण नाकारले, ते बरोबरीचे नाते त्यांच्याच दरबारात गुरुभावाने झाकोळले जाण्याचा धोका होता. ही विसंगती सोडवण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. संस्थापकामागे दरबार फार काळ टिकू शकला नाही.

८. मैत्रीचे वाङ्मयीन फलित

संस्था म्हणून देवाचा दरबार संपला; टिळकांनी जोडलेली माणसे मात्र त्यांचे काम वेगवेगळ्या मार्गांनी करीत राहिली. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. हिंदी आणि युरोपीय सभासदांनी एकत्र, साधेपणाने आणि आश्रमीय पद्धतीने राहावे, हा त्या संघाचा हेतू होता. टिळकांच्या कल्पनेचा ठसा त्यावर स्पष्ट आहे. १९२३ साली विन्स्लो यांनी लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. मराठी मंडळींच्या उपासनेत टिळकांची पदे रुजली आणि उपासना संगीत या संग्रहाचा मोठा भाग त्यांनी व्यापला.

ख्रिस्तायन या महाकाव्याची कथा या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. टिळकांनी त्याचे पहिले दहा-अकरा अध्याय रचले आणि काम अपुरे राहिले. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. बहुतेक सर्व उरलेले अध्याय त्यांचे आहेत. शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. एकाने सुरू केलेले भक्तीचे कार्य दुसऱ्याने आपले मानून पूर्ण करावे, याहून सख्याचा अधिक स्पष्ट वाङ्मयीन पुरावा मिळणे कठीण.

याहून महत्त्वाचा पुरावा स्मृतिचित्रे हा होय. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचे कौतुक साधेपणा, विनोद आणि प्रांजळपणा या गुणांसाठी झाले आहे. या गुणांचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला गेला. विन्स्लोकृत चरित्र आणि स्मृतिचित्रे ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता त्याचे उत्तर मिळू लागते. विन्स्लो यांच्या पुस्तकात शिष्याची कृतज्ञता आहे. टिळकांचे दोष त्यात आले असले तरी ते थोरवीच्या प्रकाशात विरघळतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळकांचा राग, लहरीपणा, अव्यवहार आणि त्यापायी घरच्यांना सोसावे लागलेले हाल हे सर्व जसेच्या तसे उभे राहते. आणि तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, उलट तो वाढतो. प्रेम आणि जाब यांचे असे सहअस्तित्व मराठी आत्मचरित्रात दुर्मीळ आहे. पूर्वीच्या पिढीतील स्त्रियांच्या पतिविषयक आठवणींत आदराचा स्वर बहुधा प्रधान असतो. लक्ष्मीबाईंना तो ओलांडता आला, कारण पतीला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी संसारात मिळवला होता आणि टिळकांनी तो मान्य केला होता. स्मृतिचित्रे हे त्या अधिकाराचेच लेखनरूप होय.

९. समारोप

टिळकांच्या आयुष्याचा हा आलेख पाहिला असता मैत्रीविषयीची त्यांची कल्पना टप्प्याटप्प्याने विकसित झालेली दिसते. आश्रयदात्यांच्या वर्तुळात त्यांना दाद मिळाली, पण सोबत मिळाली नाही. एका सहप्रवाशाने वचन घेतले आणि शोधाला दिशा मिळाली. अ‍ॅबट आणि ह्यूम यांच्या मैत्रीने त्यांना परंपरा न सोडता नव्या श्रद्धेत उभे राहण्यास बळ दिले. मात्र वेतनाच्या संबंधाने त्या मैत्रीवर मर्यादा पडल्या. त्या मर्यादा ओलांडण्यासाठी त्यांनी दरबाराची कल्पना मांडली, आणि त्या कल्पनेसमोर गुरुभावाची नवी मर्यादा उभी राहिली. मालकीचा किंवा गुरुत्वाचा अडसर न राहता प्रेम आणि जाब एकत्र नांदले, असे नाते त्यांना स्वतःच्या घरातच लाभले.

या निष्कर्षाने टिळकांच्या सार्वजनिक कार्याचे मोल उणावत नाही. धर्मजीवनातील सोबत्यांची निवड हा व्यक्तिगत रुचीचा प्रश्न नसून भक्तीच्या वाढीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले, आणि या ओळखीची किंमत जात, घर व वेतन या तिन्ही रूपांत मोजली. फुलामुलांचे कवी आणि भक्तकवी या दोन परिचित प्रतिमांच्या जोडीला मैत्रीचा शोध घेणारा साधक ही तिसरी प्रतिमा ठेवली, तर अभंगांजलीतील सख्यभाव, ज्ञानोदयातील परखड गद्य, ख्रिस्तायनाचे सामूहिक कर्तृत्व आणि स्मृतिचित्रांतील निर्भय प्रेम ही सर्व एका सूत्रात वाचता येतात. टिळक दांपत्याच्या वाङ्मयाचा एकत्रित अभ्यास या सूत्राने झाल्यास, एकाच्या कवितेत जो प्रश्न उभा राहिला त्याचे उत्तर दुसऱ्याच्या गद्यात कसे मिळाले, हे अधिक तपशिलाने दाखवता येईल.